रोग मुका नाही, आपण बहिरे आहोत

अंडाशयाच्या कर्करोगाला ‘मूक मारेकरी’ म्हणण्याची एक प्रथा पडली आहे. शब्द ठसकेबाज आहे, मथळ्यात शोभून दिसतो आणि वाचणाऱ्याला एक प्रकारचे समाधानही देतो. कारण मारेकरीच मुका असेल तर त्याची चाहूल न लागल्याचा दोष कोणावरही येत नाही. नवऱ्यावर येत नाही, मुलांवर येत नाही, डॉक्टरवर येत नाही, धर्मगुरूवरही येत नाही. देवाची इच्छा होती, वेळ भरली होती, रोगच तसला होता, असे म्हणून सारे जण दफनभूमीतून हातपाय धुऊन घरी परततात. आमचे म्हणणे असे की, हे विशेषण खोटे आहे. आणि नुसते खोटे नाही, तर घातक आहे. हा रोग बोलतो. आरडाओरडा करीत नाही, हळू बोलतो, रोजच्या कुरबुरींच्या भाषेत बोलतो, पण बोलतो. ज्या घरात बाईच्या बोलण्याला किंमत नाही, त्या घरात तो मुका ठरतो, एवढेच.

हे विधान भावनेच्या भरात केलेले नाही. अमेरिकेतील सिएटल येथील कर्करोगतज्ज्ञ डॉ. बार्बरा गॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली अमेरिका व कॅनडा येथील १,७२५ रुग्ण स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. रोगाचे निदान होण्यापूर्वी तुम्हांला काही त्रास होत होता का, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला होता. शंभरातील पंचाण्णव जणींनी ‘होय’ असे उत्तर दिले. ज्यांचा रोग आरंभीच्या अवस्थेत सापडला होता त्यांच्यातही हे प्रमाण नव्वदाच्या आसपास होते. तोवर वैद्यकाची पाठ्यपुस्तके सांगत आली होती की या रोगाला सुरुवातीला लक्षणेच नसतात. लक्षणे होती, ती विचारणारे कोणी नव्हते. पुढे २००७ साली अमेरिकेतील कर्करोगविषयक संस्थांनी एकत्र येऊन ही लक्षणे जाहीर केली, आणि २०११ साली ब्रिटनमध्ये कुटुंबांच्या डॉक्टरांसाठी तशाच अर्थाची मार्गदर्शक सूत्रे निघाली. म्हणजे जी गोष्ट जगाने लेखी मान्य केली तिलाही आता बरीच वर्षे लोटली. आपल्या धर्मग्रामांत ती अजून पोहोचायची आहे.

आपल्या देशात दरवर्षी ४५ हजारांहून अधिक स्त्रियांना हा रोग होतो आणि ३२ हजारांहून अधिक त्याने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो. रोग अंडाशयापुरता असतानाच सापडला तर दहांपैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो पोटभर पसरल्यावर सापडला तर दहांपैकी तीन. आणि बहुतेक जणींचा तो पसरल्यावरच सापडतो. या नऊ आणि तीनमधले अंतर हा आमच्या लेखाचा विषय आहे.

आता लक्षणे सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांकडून उत्तरे पाठ करून घेतो, तशी ही चार उत्तरे प्रत्येक घरात पाठ असावीत. पहिले, पोट फुगलेले राहणे किंवा त्याचा घेर वाढणे. परकराची नाडी पूर्वीच्या गाठीला पुरत नाही, आणि हात व चेहरा मात्र सुकत चाललेला असतो. दुसरे, दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, जेवणावरची वासना उडणे. तिसरे, पोटात किंवा ओटीपोटात दुखत राहणे. चौथे, लघवीची घाई होणे, वारंवार जावे लागणे. यांच्या जोडीला कधी थकवा असतो, कधी कंबरदुखी, कधी शौचाच्या सवयीत बदल. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर तो कोणत्याही कारणाने असो, तपासलाच पाहिजे.

वाचक भगिनी लगेच म्हणतील, ‘फादर, ह्यातलं काहीतरी आम्हांला रोजच होतं.’ बरोबर आहे. वाटाण्याची उसळ खाल्ली तरी पोट फुगते. म्हणूनच तज्ज्ञांनी दोन कसोट्या घालून दिल्या आहेत. एक, हा त्रास नवा असला पाहिजे. गेल्या वर्षभरात सुरू झालेला. दोन, तो महिन्यातून बारा दिवसांहून अधिक वेळा होत असला पाहिजे. साधे पोट बिघडते आणि पूर्वपदावर येते. हे येते आणि जात नाही. वय पन्नाशीच्या पुढचे असेल तर अधिक सावध राहावे. पण तरुण वयात हा रोग होतच नाही असे नाही. पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच ‘गॅस’चा आजार जडला असे कोणी सांगितले, तर ते ऐकून स्वस्थ बसू नये.

यासाठी कोणतेही यंत्र नको. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर आपण दुधाचे खाडे मांडतो, गॅसचे सिलिंडर कधी लागले ते लिहितो, सणांच्या आणि उपवासाच्या तारखांवर खुणा करतो. गोदामात कामाला जाणारी बाई आपल्या रोजंदारीचे खाडेही त्याच चौकोनांत मांडते. त्याच दिनदर्शिकेवर, ज्या दिवशी यांपैकी त्रास झाला त्या दिवसाच्या चौकोनात एक फुली मारावी. महिनाअखेर फुल्या मोजाव्यात. बाराच्या वर गेल्या तर ते पान फाडून घडी घालावे आणि स्त्रीरोगतज्ज्ञाच्या टेबलावर ठेवावे. ‘मला बरं वाटत नाही’ हे वाक्य डॉक्टर दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. सोळा फुल्यांचे पान त्याला दिवसातून पन्नास वेळा दिसत नाही.

पण फुली मारणार कोण? आपल्या भाषेत ‘अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. पुरुष आजारी पडतो. बाई आजार अंगावर काढते. तो पडला की घर थांबते, ती पडू नये म्हणून तिनेच झटायचे असते. आणि आपण या गोष्टीचा सद्गुण केला आहे. दफनविधीच्या वेळी मृत भगिनीविषयी चार शब्द बोलायला उठलेला मनुष्य हमखास सांगतो की, आईने कधी कोणाला आपला त्रास सांगितला नाही. ऐकणारे माना डोलावतात. आम्हांला त्या वेळी विचारावेसे वाटते, सांगितला नाही, की सांगून उपयोग नाही हे तिला कळून चुकले होते?

कठोर वाटेल, पण लिहिणे भाग आहे. आमच्या भागात गोठ्यातल्या म्हशीने दोन दिवस वैरणीला तोंड लावले नाही तर तिसऱ्या दिवशी गुरांचा डॉक्टर दारात येतो. घरधनीण दोन महिने अर्धी भाकरी टाकून उठते, तेव्हा मात्र ‘वय झालं, जेवण कमी होणारच’ असे म्हणून पान उचलले जाते. म्हशीची किंमत बाजारात ठरलेली आहे, म्हणून तिचे न खाणे दिसते. जिची किंमत कोणी केलीच नाही तिचे न खाणे दिसत नाही. पोटाचा घेर वाढला तर जावा-नणंदा थट्टा करतात. लघवीची घाई ही तर बोलण्याचीच गोष्ट नव्हे. ओटीपोटाचे दुखणे मुलाला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायचा संकोच, सुनेला सांगायचा कमीपणा. या लाजेच्या, संकोचाच्या आणि कमीपणाच्या आडोशाने रोग आपले काम करीत असतो.

घरानंतर दवाखान्याकडे वळू. आमच्या माहितीतील एका भगिनीची हकिगत सांगतो. गाव व नाव सांगत नाही. वय चोपन्न. पोट गच्च वाटते, जेवण जात नाही, ही तिची तक्रार. पहिले तीन महिने पित्ताच्या गोळ्या. पुढे यकृताचे औषध. मग पोटात पाणी झाले, तेव्हा कोणतीही तपासणी न करता, अंदाजाने क्षयाच्या गोळ्या. सोनोग्राफीची चिठ्ठी आठव्या महिन्यात मिळाली. आम्ही तैलाभ्यंग देण्यासाठी गेलो तेव्हा तिला तक्रार करण्याचेही त्राण नव्हते. ‘मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं,’ एवढेच ती पुन:पुन्हा म्हणत राहिली. मुका कोण होता, हे वाचकांनीच ठरवावे.

डॉक्टरांची बाजू आम्हांला ठाऊक आहे. पोटाची तक्रार घेऊन येणाऱ्या शेकडो स्त्रियांपैकी एखादीलाच हा रोग असतो. प्रत्येकीच्या मागे कर्करोगाचे भूत लावायचे काय? मुळीच नको. पहिल्या भेटीत पित्ताची गोळी देणे हा गुन्हा नव्हे. तिसऱ्या भेटीतही तीच गोळी देणे हा मात्र आळस आहे. गोळीने उतार पडला नाही तर पोट हाताने तपासणे, ओटीपोटाची सोनोग्राफी करविणे आणि रक्तातील सीए-१२५ या घटकाची तपासणी सांगणे, यात भूत लावण्यासारखे काही नाही. त्यातही एक मेख आहे, ती रुग्णांनीही समजून घ्यावी. सीए-१२५ वाढला म्हणजे कर्करोगच, असे नाही; पोटाच्या क्षयात, गर्भाशयाच्या काही साध्या विकारांत, पाळीच्या दिवसांतही तो वाढतो. आणि तो वाढला नाही म्हणजे कर्करोग नाहीच, असेही नाही; आरंभीच्या अवस्थेत सुमारे निम्म्या जणींत तो वाढलेला आढळत नाही. आपल्या देशात पोटाचा क्षय आणि हा कर्करोग दोन्ही पोटात पाणी करतात, दोन्ही माणूस झिजवतात. म्हणून पाणी झाले की ते तपासलेच पाहिजे. अंदाजाने महिनोन् महिने गोळ्या खाऊ घालणे हा उपचार नव्हे, जुगार आहे, आणि पणाला लावलेली वस्तू डॉक्टरची नसते.

आता ख्रिस्तसभेच्या अंगणात येऊ. कारण सर्वांत मोठे भांडण आम्हांला इथेच मांडायचे आहे. दुखणे सांगणाऱ्या बाईला ‘आपापला क्रूस वाहावा’ असा उपदेश करणारे लोक आपल्यात आहेत. काही प्रार्थनासभांतून याहीपुढे जाऊन असे सांगितले जाते की, श्रद्धा खरी असेल तर औषधाची गरज नाही. डॉक्टरकडे जाणे हीच अश्रद्धा. असे सांगणारे स्वतःच्या दाताला कीड लागली की दंतवैद्याच्या खुर्चीत बसतात, ही गोष्ट निराळी. ही शिकवण कॅथलिक नव्हे. प्रभूने क्रूस उचलला तो जगाच्या तारणासाठी. न तपासलेल्या गाठीला क्रूस म्हणणे हा क्रुसाचा अपमान आहे. उपचार करूनही जे दुःख उरते ते प्रभूच्या दुःखाशी जोडावे, हे खरे. उपचारच न करता दुःख वाढू द्यावे आणि त्याला पुण्य म्हणावे, हे खरे नव्हे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर एक प्रेषितीय पत्र लिहिले. दुःखाचे मोल सांगणारे ते पत्र शेवटी येऊन पोहोचते ते दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यापाशी. शोमरोन्याने जखमी वाटसरूला सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. जखमांवर तेल-द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवले, उताराशाळेत नेले आणि खर्चाचे पैसे मोजले. जुन्या करारातील सिराकच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय तर वैद्याच्या गौरवासाठीच लिहिलेला आहे. आजारी माणसाने प्रार्थना करावी, मन शुद्ध करावे, अर्पण करावे आणि मग वैद्याला त्याची जागा द्यावी, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असा त्याचा आशय. आपले प्रॉटेस्टंट बंधू हा ग्रंथ प्रमाण मानीत नाहीत; आपण मानतो. मानतो, पण वाचत नाही.

चमत्कारांचा दाखला देणाऱ्यांना आम्ही लूर्द येथे नेऊ इच्छितो. त्या पवित्र स्थानी १८८३ सालापासून वैद्यकीय तपासणीची कचेरी आहे. बरे वाटल्याचे सांगणारा यात्रेकरू आला की, त्याचा मूळ रोग काय होता, निदान कोणी केले, कागद कुठे आहेत, उपचार कोणते झाले, हे आधी विचारले जाते. हजारो लोकांनी बरे झाल्याचे सांगितले. दीडशेहून अधिक वर्षांत ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केले ते सुमारे सत्तर. म्हणजे चमत्काराच्या गावातही निदानाच्या कागदावाचून चालत नाही. मग दिघाशीच्या बाईने निदानावाचून चमत्काराची वाट पाहत बसावे, हे कोणत्या धर्मशास्त्रात बसते?

आणि मार्कच्या शुभवर्तमानातील ती रक्तस्रावाने पीडित स्त्री आठवा. बारा वर्षे ती आजारी होती, सारा पैसा वैद्यांवर खर्चून बसली होती, आणि तिचे दुखणे चारचौघांत उच्चारण्यासारखे नव्हते. प्रभू तेव्हा याईराच्या मरणासन्न मुलीकडे निघाले होते. एका प्रतिष्ठित घरची तातडी होती, गर्दी रेटत होती. तरी ते थांबले. शिष्यांना ते थांबणे निरर्थक वाटले. ती थरथरत पुढे आली आणि तिने सर्व काही सांगितले, असे मार्क लिहितो. प्रभूने तिला गप्प केले नाही, बाजूला नेले नाही. भर गर्दीत तिचे ‘ते’ दुखणे पूर्ण ऐकून घेतले आणि तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली. ज्यांना बाईच्या ओटीपोटाविषयी ख्रिस्ती नियतकालिकात लिहिणे अप्रशस्त वाटते, त्यांनी हा उतारा पुन्हा वाचावा.

धर्मभगिनींचाही प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवून ठेवले होते की स्तनाचा कर्करोग मठवासी स्त्रियांत अधिक आढळतो. ज्या स्त्रीला गर्भधारणा झालेली नाही तिला अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही थोडा अधिक असतो, हे आज सिद्ध झाले आहे. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी धर्मभगिनींसाठी प्रतिबंधक औषधाची सूचनाही केली. तिच्याविषयीचा वाद नीतिशास्त्रज्ञांनी करावा. १९६८च्या ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकाने रोगोपचाराला मनाई केलेली नाही, एवढे येथे नमूद करतो. आमची मागणी अगदी लहान आहे. जिने आपले आयुष्य इतरांच्या मुलांना शिकवण्यात आणि इतरांच्या जखमा धुण्यात घालवले, तिने ‘पोट गच्च वाटतं’ असे सांगितले तर मठाच्या प्रमुखांनी ती कुरकुर मानू नये. आज्ञाधारकतेचे व्रत म्हणजे दुखणे लपवण्याचे व्रत नव्हे.

काही समजुतींचा समाचार घेणेही आवश्यक आहे. पहिली समजूत: ‘माझी पिशवी काढलेली आहे, मला कसला कर्करोग?’ गर्भाशय काढताना अंडाशये पुष्कळदा तशीच ठेवलेली असतात. तेव्हा धोका पुरता टळत नाही. आणि याच भीतीचे भांडवल करून आपल्या राज्यात काय झाले ते आठवावे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कर्करोग होईल अशी धास्ती घालून तरुण बायकांची गर्भाशये काढायची, आणि खरोखर कर्करोग होतो तेव्हा गोळ्यांवर वेळ काढायची. स्त्रीच्या देहाविषयीची बेपर्वाई ही अशी दुधारी आहे.

दुसरी समजूत: ‘गाठीला सुरी लावली की रोग पसरतो.’ या समजुतीमुळे कितीतरी जणी शस्त्रक्रियेच्या दारातून परत येतात. तिच्यात सत्याचा कण आहे तो एवढाच की, अंडाशयाची संशयास्पद गाठ सुईने टोचू नये, फोडू नये. ती अखंड काढावी, आणि ते काम कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या सर्जनने करावे. म्हणजे सुरी टाळायची नाही, सुरी धरणारा हात निवडायचा.

तिसरी गोष्ट समजुतीपेक्षा लबाडीची आहे. मुलीचे लग्न अडेल म्हणून आईचा किंवा मावशीचा कर्करोग लपवला जातो. मृतांच्या नोंदवहीत अशा वेळी ‘पोटाचा विकार’ एवढेच लिहिलेले सापडते. परंतु हा रोग काही घराण्यांत जनुकांतून उतरतो. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी असे दोन जनुक शोधून काढले. त्यांत दोष असला तर अंडाशयाच्या आणि स्तनाच्या, दोन्ही कर्करोगांचा धोका अनेक पटींनी वाढतो, आणि हा दोष बापाकडूनही मुलीकडे येतो. ज्या मुलीच्या लग्नासाठी आजीचे दुखणे दडवले तिलाच तिचा धोका अज्ञात राहिला, तर त्या लग्नाने तिचे काय भले केले?

हा रोग गरीब, अडाणी, आडगावच्या बायकांचाच, असेही कोणी समजू नये. दूरदर्शनवरून बातम्या देणाऱ्या आणि ‘चौकट राजा’ या चित्रपटातून घराघरांत पोहोचलेल्या स्मिता तळवलकर यांना हा रोग असल्याचे २०१० साली कळले. उपचार घेत त्या काम करीत राहिल्या आणि ६ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अभिनेत्री मनीषा कोईराला यांना २०१२ साली हाच रोग निघाला. शस्त्रक्रिया व केमोथेरपी घेऊन त्या बऱ्या झाल्या आणि आपल्या आजाराविषयी त्यांनी पुस्तक लिहिले. दोघींची नावे इथे देण्याचे कारण एवढेच की, रोगाचे नाव उच्चारल्याने घराण्याला बट्टा लागत नाही.

आता आमच्याच काही उत्साही बांधवांशी थोडे भांडण. हा लेख वाचून कोणी म्हणेल, पुढच्या सणाला आरोग्य शिबिर भरवू आणि सर्व भगिनींची सीए-१२५ तपासणी फुकट करून देऊ. कृपा करून असे करू नका. ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन लाखांहून अधिक निरोगी स्त्रियांवर नेमका हाच प्रयोग झाला. मूळ भारतीय वंशाच्या प्राध्यापक उषा मेनन यांच्या नेतृत्वाखालील त्या अभ्यासाचा अंतिम निष्कर्ष २०२१ साली आला: कोणतीही लक्षणे नसलेल्या स्त्रियांची अशी सरसकट तपासणी केल्याने या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट अशा तपासण्यांत रोग नसलेल्या काही स्त्रियांच्या पदरी अकारण शस्त्रक्रिया येतात. शिबिराचा मांडव, बॅनर आणि छायाचित्रे यांनी हा रोग सापडणार नाही. ज्या बाईला त्रास होत आहे तिचे ऐकण्याने सापडला तर सापडेल. ऐकण्याचे छायाचित्र निघत नाही, म्हणूनच कदाचित ते होत नसावे.

गरिबीचा आक्षेप मात्र खरा आहे. दिघाशीहून अंबाडी, अंबाडीहून भिवंडी, भिवंडीहून ठाणे, ठाण्याहून परळ; भिवंडी-वाडा रस्त्याने पोटात दुखणे घेऊन कधी प्रवास केला असेल त्यालाच हे अंतर कळेल. एका खेपेला घरातल्या दोघांचा रोज बुडतो. पण पैशाअभावी उपचार नाहीत, असे मानून घरी बसण्याचे दिवस गेले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे, आणि तेथे गरिबांना दारातून परत पाठवीत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी बसते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटावे लागते. शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढलेले नसते, आधारवर वय चुकलेले असते, आणि या दुरुस्त्यांत महिने जातात. तेव्हा बाई धडधाकट असतानाच हे कागद ठीक करून ठेवावेत. घराच्या सात-बाऱ्यासाठी तलाठ्याकडे दहा हेलपाटे घालणाऱ्या पुरुषांना हे जड नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. महिला मंडळाने वर्षातील एक सभा या चार लक्षणांसाठी ठेवावी, आणि त्या सभेला पुरुषांनाही बोलवावे. कारण ऐकायला शिकायचे आहे ते त्यांना. लहान ख्रिस्ती समूहांनी जपमाळेनंतर ‘कोण आजारी आहे’ एवढेच न विचारता ‘कोणाचं जेवण कमी झालंय’ हेही विचारावे. आजारी बाईसोबत परळला जाईल अशी एक लिहिता-वाचता येणारी व्यक्ती प्रत्येक धर्मग्रामात नेमलेली असावी, आणि तिच्या प्रवासखर्चाची तरतूद सणाच्या रोषणाईच्या आधी व्हावी. रुग्णांचा तैलाभ्यंग हा केवळ मरणघटकेचा संस्कार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले. तेव्हा शस्त्रक्रियेला निघालेल्या भगिनीने तो निघण्यापूर्वी मागावा. धर्मगुरूची पिशवी दिसली की घरात रडारड सुरू व्हावी, ही रीत आता बदलली पाहिजे. आणि प्रत्येक नवऱ्याने, प्रत्येक मुलाने, आज रात्री जेवताना समोरच्या ताटाकडे पाहावे: वाढणारी किती जेवते आहे, पूर्वीइतकी जेवते आहे की नाही, आणि नसेल तर कधीपासून.

दिनदर्शिका भिंतीवर आहे, पेन्सिल चुलीवरच्या फळीवर आहे. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे खाडे मांडले, तिने आता स्वतःच्या दुखण्याचे दिवस मांडावेत. आणि ज्यांच्यासाठी तिने ते मांडले, त्यांनी ते वाचावेत.